उताराची कमाई : बोरघाट, खेकडा इंजिन आणि विजेचा ब्रेक

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याच्या लक्षात राहतो तो घाटाचा चढ. कर्जतला गाडी थांबते, मागे बँकर इंजिने लागतात आणि ती रेटा देऊ लागली की डब्यात बसलेल्यालाही कळते, आता खरे काम सुरू झाले. रेल्वेत हयात घालवलेला माणूस मात्र घाटाचा विषय निघाला की उताराबद्दल बोलू लागतो. चढताना इंजिन कमी पडले तर गाडी उभी राहते, खोळंबा होतो, दुसरे इंजिन येते. उतरताना गाडी हातातून सुटली तर मदत मागवायलाही वेळ उरत नाही. कर्जत ते लोणावळा या बोरघाटाच्या २८ किलोमीटरांत दीडशेहून अधिक वर्षे रेल्वेच्या इंजिनिअरांनी जी डोकेफोड केली, तिचा मोठा हिस्सा गाडी सावकाश खाली कशी आणायची यावर खर्च झाला. आणि मग, १९३० च्या आसपास, या उताराने एक पलटी खाल्ली. ज्याला सगळे भीत होते, तोच रेल्वेला वीज मिळवून देऊ लागला.

सदतिसात एक

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, म्हणजे लोकांच्या तोंडच्या जीआयपीची, पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले, १८५६ मध्ये खोपोलीला, आणि तिथे सह्याद्री आडवा आला. घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग १८५८ मध्ये सुरूही झाला होता. मधली पाच वर्षे प्रवासी खाली गाडीतून उतरत, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत आणि वर खंडाळ्याला पुन्हा आगगाडी पकडत.

घाटातल्या मार्गाची आखणी कंपनीचे मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कली यांची. काम १८५६ मध्ये सुरू झाले. पहिला ठेकेदार फॅव्हिएल याच्या हाताखाली मजुरांची देणी थकली आणि १८५९ च्या जानेवारीत दंगल उसळली. त्याने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरल्यावर काही दिवसांतच वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका आपल्या नावावर पुढे चालवला आणि पुरा करून दिला. १८६१ च्या सुरुवातीला या डोंगरात सुमारे ४२ हजार माणसे खपत होती. साथींनी आणि अपघातांनी त्यांतली जी गेली, त्यांची नावे कुठल्याही शिळेवर नाहीत. २५ बोगदे आणि ८ मोठे पूल उभे राहिले. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी घाटमार्गाचे उद्घाटन केले. ते पाहायला बर्कली हयात नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

बर्कलींनी मागे ठेवलेला आकडा होता १:३७. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचे चाक असते तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होतो. गाडीच्या दर ३७ टन वजनामागे १ टनाची ओढ सतत खालच्या दिशेने लागलेली असते. ५०० टनांची गाडी घेतली तर ही ओढ साडेतेरा टन होते. चढताना इंजिनाला तिला पुरून उरावे लागते. उतरताना ब्रेकना ती पाऊण-एक तास, न थकता, धरून ठेवावी लागते.

आणि धरायचे कशाने? १८६० च्या दशकात सगळ्या डब्यांना एकदम लागणारा ब्रेक नव्हता. इंजिनाचा ब्रेक आणि गाडीत ठिकठिकाणी जोडलेले ब्रेकचे डबे, एवढेच हत्यार. ब्रेकच्या डब्यात एक माणूस, त्याच्या हातात फिरवायचे चाक, आणि ड्रायव्हरचा निरोप त्याला मिळायचा तो इंजिनाच्या शिटीतून. पावसाळ्यात धुके उतरलेले, रूळ ओले, बोगद्यात धूर कोंडलेला, अशा वेळी त्या शिटीवर सगळ्या गाडीचा जीव टांगलेला असे.

त्यात बर्कलींच्या आखणीत खंडाळ्याखाली एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. डोंगराचा कडा इतका अंगावर येत होता की त्या काळच्या साधनांनी तिथे वळण बसवणे परवडणारे नव्हते. म्हणून मार्ग इंग्रजी व्ही अक्षरासारखा मोडला. गाडी एका टोकाशी जाऊन थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढे जाई. चढणाऱ्या गाडीला हा नुसता वेळेचा खर्च होता. उतरणाऱ्या गाडीला मात्र तिथे थांबणे भागच होते, कारण रूळच तिथे संपत. कसाऱ्याकडचा थळ घाट १८६५ च्या पहिल्या दिवशी खुला झाला, त्यातही चढ १:३७ आणि तिथेही रिव्हर्सिंग स्टेशन.

ब्रेकवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही हे जीआयपीने लवकरच मान्य केले आणि घाटात कॅच सायडिंगे आली. मुख्य मार्गातून फुटणारा, चढावर जाणारा, वाळूत संपणारा हा आखूड फाटा. त्याचा सांधा एरवी फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने ठरलेल्या जागी थांबायचे, म्हणजे आपण ताब्यात आहोत हे सिद्ध करायचे. मगच केबिनमधला माणूस सांधा मुख्य मार्गाकडे वळवतो. जी गाडी थांबू शकली नाही, ती आपोआप फाट्यावर चढते आणि वाळूत रुतते. एकोणिसाव्या शतकातली ही सावधगिरी आजही घाटात जिवंत आहे.

उष्णतेत जाणारा पैसा

पुढे व्हॅक्यूम ब्रेक आला. ड्रायव्हरने एक दांडा हलवला की सगळ्या डब्यांचे ब्रेक लागू लागले आणि शिटीवरची भिस्त संपली. मूळ दुखणे मात्र होते तिथेच राहिले. ब्रेक म्हणजे अखेर चाकावर दाबलेला लोखंडी ठोकळा. तो गाडीची शक्ती खातो आणि तिची उष्णता करतो.

किती उष्णता? घाटाची उंची १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर. ५०० टनांची गाडी एवढी खाली आली की तिच्याजवळची सुमारे ७६० युनिट वीज होईल इतकी शक्ती कुठेतरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेत साडेआठ हजार लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवता येईल. ती सगळी ब्रेकच्या ठोकळ्यांत आणि चाकांच्या कडांत शिरत असे. ठोकळे झिजत, रात्री बोगद्यात ठिणग्या उडताना दिसत. त्या काळच्या चाकांवर पोलादी धाव तापवून चढवलेली असे. चाक फार तापले तर हीच धाव सैल होण्याची भीती. म्हणून उतरणीचा वेग कमी ठेवायचा, मध्ये थांबायचे, चाके गार होऊ द्यायची. परिणामी घाटातून दिवसाला किती गाड्या जाऊ शकतात याची मर्यादा उतार ठरवत होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही मर्यादा बोचू लागली. मुंबईच्या गिरण्या आणि गोदी वाढत होत्या. दख्खनचा कापूस, धान्य आणि माणसे या दोन घाटांतूनच खाली येत होती. गाड्या जड होत चालल्या तशी वाफेची इंजिने घाटात दोन-दोन, तीन-तीन लावावी लागत. एकेरी बोगद्यांत धुराने इंजिनवरची माणसे गुदमरत, आणि कोळसा यायचा बंगाल-बिहारच्या खाणींतून, अर्धा देश ओलांडून.

याच डोंगराच्या कुशीत विजेची सोयही आकार घेत होती. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. पुढच्या टप्प्यात मुळशीचे धरण आले आणि त्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. मुंबईला मिळालेल्या या विजेची किंमत कुणीतरी मोजली होती, हे विसरता येत नाही. इंजिनिअरांच्या डोळ्यांसमोर मात्र सह्याद्रीचा एक साधा गुण स्पष्ट झाला होता : इथून काहीही जड खाली येत असेल तर त्यातून वीज काढता येते. पाण्यातून निघत होतीच. मग गाडीतून का नाही?

इटली, मोंटाना, गोट्टहार्ड

ही कल्पना मुंबईत जन्मली नव्हती. विजेवर चालणारी मोटर चाकांकडून फिरवली गेली तर तीच वीज निर्माण करते, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. मोटर आणि जनरेटर यांत यंत्र तेच. शक्ती कुठल्या बाजूने शिरते एवढाच फरक. वीज तयार करताना यंत्र फिरायला विरोध करते आणि हाच विरोध गाडीला ब्रेक म्हणून मिळतो. तयार झालेली वीज गाडीवरच्याच मोठ्या रोधकांत जाळली तर तो रिओस्टॅटिक ब्रेक. ती वरच्या तारेत परत पाठवली तर रिजनरेटिव्ह ब्रेक.

जेनोआ बंदरामागच्या जोव्ही घाटात इटलीने १९१० मध्ये थ्री-फेज विजेवर गाड्या सुरू केल्या. तिथल्या चढाचे प्रमाण १:३७ पेक्षाही तीव्र होते. थ्री-फेज इंडक्शन मोटरचा स्वभाव असा की गाडी ठरलेल्या वेगापेक्षा किंचित जरी जास्त पळू लागली तरी मोटर आपोआप जनरेटर होते आणि गाडीला आवरते. उतारासाठी याहून सोयीचे काही नव्हते. अडचण वेगाची होती. त्या इंजिनांना एक-दोन ठराविक वेगच माहीत होते. वर दोन तारा ओढाव्या लागत ते वेगळेच.

अमेरिकेत मिलवॉकी रेल्वेने १९१५-१६ मध्ये मोंटानातल्या रॉकी पर्वतातून ३,००० व्होल्ट डीसीवर गाड्या चालवल्या आणि लांबलचक उतारांवर वीज तारेत परत पाठवून दाखवली. डीसीमध्ये हे करणे अवघड होते, पण जमते हे सिद्ध झाले. त्यानंतर स्वित्झर्लंड. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेनासा झाल्यावर स्विस रेल्वेने गोट्टहार्डच्या मार्गावर १९२० ते १९२२ या काळात वीज नेली. विंटरथुर इथल्या एसएलएम कारखान्याने त्यासाठी लांब नाकाची, मध्यातून वाकणारी मालगाडीची इंजिने बांधली. लोक त्यांना मगर म्हणू लागले. तीही उतारावर वीज परत देत. गोट्टहार्डचा चढ बोरघाटाच्या जवळपास तेवढाच.

खेकडा येतो

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसवर देशातल्या पहिल्या विजेच्या गाडीला निशाण दाखवले. ती हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. तारेतली वीज १,५०० व्होल्ट डीसी. त्याच वर्षी जीआयपीचा कारभार सरकारने हाती घेतला. सल्लागार होते इंग्लंडचे मर्झ अँड मॅक्लेलन. यातल्या चार्ल्स मर्झ यांनी मेलबर्नच्या उपनगरी गाड्यांचेही विद्युतीकरण आखले होते. लोकल हा प्रकल्पाचा अर्धाच भाग होता. खरे लक्ष्य दोन्ही घाटांच्या पलीकडे, पुणे आणि इगतपुरी.

त्यासाठी तीन कामे हाती घेतली गेली. ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचे वीजघर उभारले. चोळा पॉवर हाऊस म्हणून ते पुढे कित्येक दशके ओळखले गेले. बोरघाटात नवे बोगदे खोदून रिव्हर्सिंग स्टेशन काढून टाकले, त्यामुळे उतरणाऱ्या गाडीला कड्याच्या तोंडाशी थांबायची पाळी संपली. आणि मालगाड्यांसाठी इंजिने मागवली गेली, गोट्टहार्डवाल्या त्याच विंटरथुरकडून.

ती १९२८ पासून येऊ लागली. जीआयपीच्या दप्तरी त्यांचे नाव ईएफ-१, स्वातंत्र्यानंतर डब्ल्यूसीजी-१. एकूण ४१. पहिली १० एसएलएमने बांधली, उरलेली इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीने. विजेची यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. वजन सुमारे १२५ टन, चार मोटरा मिळून २,६०० अश्वशक्ती, कमाल वेग ताशी ५० मैल. मध्ये ड्रायव्हरची खोली, दोन्ही टोकांना पुढे आलेली नाके, प्रत्येक नाकाखाली तीन-तीन चाकांच्या जोड्या, आणि त्या चाकांना मोटरशी जोडणारे आडवे दांडे. चालू लागले की हे दांडे लयीत वरखाली होत. उभे असतानाही त्यातून कण्हल्यासारखा आवाज येई. स्वित्झर्लंडची मगर सह्याद्रीत आली आणि कल्याणच्या शेडमध्ये तिचा खेकडा झाला.

कल्याण ते पुणे १९२९ मध्ये आणि इगतपुरीपर्यंत १९३० मध्ये विजेची गाडी धावू लागली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी सुरू झाली. वर्तमानपत्रांत आणि लोकांच्या आठवणींत जागा मिळाली ती तिला. खेकड्यांच्या वाट्याला आली मालगाड्यांची ओढ, बँकरचे काम आणि उतार.

ब्रेक लावला की वीज

खेकड्याच्या मोटरा सीरीज पद्धतीच्या होत्या. रेल्वेच्या ओढीसाठी त्या काळी हीच जात सर्वात चांगली. गाडी हलवताना ती प्रचंड जोर देते. तिला जनरेटर करायला गेले की मात्र ती अस्थिर होते : व्होल्टेज थोडे हलले तरी प्रवाह एकदम उसळतो किंवा कोसळतो. म्हणून उतारावर मोटरच्या चुंबकांना वेगळ्या यंत्राकडून, मोजून-मापून वीज द्यावी लागते. चुंबक थोडे जोरकस केले की मोटरमध्ये निर्माण होणारे व्होल्टेज तारेतल्या व्होल्टेजच्या वर चढते आणि प्रवाहाची दिशा उलटते. ड्रायव्हरच्या हातात मग दोन प्रकारचे ब्रेक असतात. एक डब्यांना लागणारा, लोखंडाचा. दुसरा इंजिनाच्या मोटरांचा, जो लागलेला दिसत नाही. ॲमीटरचा काटा शून्याच्या पलीकडे जातो, तेवढाच.

या ब्रेकचे गुण घाटाला नेमके हवे होते तेच होते. तो झिजत नाही, तापून निकामी होत नाही, आणि वेग एकसारखा ठेवतो. लोखंडी ब्रेक लाव, सोड, पुन्हा लाव, अशी धडपड कमी झाली. गाडी एका संथ चालीने खाली येऊ लागली आणि डब्यांचे ब्रेक ताजे राहिले. खरोखर थांबायची वेळ आली तर त्यांची पूर्ण ताकद हाताशी.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट होत्या. विजेचा ब्रेक फक्त इंजिनाच्या चाकांवर लागतो, त्यामुळे उतारावर सगळी गाडी पुढच्या इंजिनावर रेलते आणि बफर दाबले जातात. रूळ ओले असतील तर चाके घसरण्याचा धोका, म्हणून वाळू टाकायची. वेग फार कमी झाला की मोटर पुरेशी वीज निर्माण करू शकत नाही आणि ब्रेक विरघळतो. उभ्या गाडीला तर तो धरूच शकत नाही. त्यामुळे कॅच सायडिंगापाशी थांबायचे ते लोखंडाच्या ब्रेकनेच.

सर्वात मोठी मर्यादा इंजिनाच्या बाहेर होती. तारेत परत पाठवलेली वीज तारेत साठून राहत नाही. त्याच क्षणी कुणीतरी ती घेतली पाहिजे. घाटात खाली येणाऱ्या खेकड्याची वीज घेणारे सर्वात सोयीचे गिऱ्हाईक म्हणजे त्याच वेळी वर चढणारी गाडी. घेणारा कोणी नसला तर तारेचे व्होल्टेज वाढत जाते, संरक्षक यंत्रणा प्रवाह तोडते आणि ब्रेक एकाएकी नाहीसा होतो. लोखंडी ब्रेक सज्ज ठेवल्याशिवाय या ब्रेकवर विसंबायचे नाही, हा धडा त्यातूनच येतो.

त्या काळच्या सबस्टेशनांत रोटरी कन्व्हर्टर ही फिरती यंत्रे असत. एसी घेऊन डीसी देणारे हे यंत्र उलटेही चालू शकते : डीसीच्या बाजूने जास्त वीज आली तर ती एसी करून मागे ढकलते. त्यामुळे चढणारी गाडी नसली तरी सबस्टेशनला गिऱ्हाईक होता येत होते. इंजिन, तार आणि सबस्टेशन हे तिन्ही दोन्ही दिशांना चालणारे असणे, हीच त्या जुन्या व्यवस्थेची खुबी.

बोरघाटाला ही व्यवस्था इतकी मानवली याचे कारण रहदारीत होते. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या, दोन्ही बाजूंच्या गाड्या भरलेल्या. खाली येणाऱ्या ५०० टनांच्या गाडीची ७६० युनिटे सगळी हाती लागत नाहीत. काही चाकांच्या घर्षणात, काही मोटरांच्या उष्णतेत, काही तारेत जातात. तरी निम्म्याच्या वर हाती लागली असे धरले तरी चढणाऱ्या गाडीच्या खर्चाचा मोठा हिस्सा भागतो. म्हणजे घाटाचे वेळापत्रक आखणारा कर्मचारी नकळत ठाकुर्लीचा कोळसाही वाचवत होता. चढणारी आणि उतरणारी गाडी एकाच वेळी घाटात असणे हे आता नुसते सोयीचे राहिले नव्हते, त्यात पैसा होता.

एकेरी वाट

स्वातंत्र्यानंतर जीआयपीची मध्य रेल्वे झाली. १४ ऑक्टोबर १९६१ रोजी चित्तरंजनच्या कारखान्यातून देशात बांधलेले पहिले विजेचे इंजिन बाहेर पडले, तेही मुंबईच्या १,५०० व्होल्ट डीसीसाठी. त्याचे नाव ‘लोकमान्य’. पुढे १९७० च्या दशकात चित्तरंजनचीच डब्ल्यूसीजी-२ इंजिने घाटात उतरली आणि खेकडे हळूहळू यार्डात, शंटिंगला गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते सेवेतून निघाले. एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात.

खेकड्यांबरोबर त्यांची कमाई मात्र नव्या जमान्यात आपोआप चालत आली नाही. जगभर सबस्टेशनांतली फिरती यंत्रे गेली आणि त्यांच्या जागी रेक्टिफायर आले. आधी पाऱ्याचे, मग सिलिकॉनचे. ते स्वस्त, टिकाऊ, देखभालीला सोपे. पण साधा रेक्टिफायर विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. बाकी देशात रेल्वेने १९५० च्या दशकाच्या अखेरीस २५,००० व्होल्ट एसी स्वीकारले. तिथे सिलिकॉन डायोडच्या इंजिनांत हाच एकेरी दरवाजा इंजिनाच्या पोटात जाऊन बसला. अशा इंजिनाला वीज घेता येते, देता येत नाही.

मग उतारावर रिओस्टॅटिक ब्रेक वापरला गेला. मोटर जनरेटर होते, ब्रेक लागतो, आणि वीज इंजिनावरच्या रोधकांच्या जाळ्यांत जळते. पंखे ती उष्णता हवेत सोडतात. चाके वाचली, ठोकळे वाचले, सुरक्षितता आली. घेणारा आहे की नाही याची चिंताही गेली, कारण रोधक नेहमी सोबत असतो. गमावली ती वीज. तांत्रिक प्रगती सगळीकडून एकसारखी पुढे जाते या समजुतीला हा घाट चांगले उत्तर आहे : १९३० च्या इंजिनाला जे येत होते, ते १९७० च्या नव्याकोऱ्या इंजिनाला येत नव्हते.

हे नुकसान किती, ते खनिजाच्या रेल्वेंवर जास्त ठळक दिसते, कारण तिथे जड माल एकाच दिशेने जातो. बस्तरमधल्या बैलाडिलाचे लोहखनिज विशाखापट्टणम बंदराला नेणारा किरंदुल-कोत्तवलसा मार्ग पूर्व घाट ओलांडतो. त्यावरचे शिमिलिगुडा स्टेशन समुद्रसपाटीपासून ९९६ मीटरवर. अरकूहून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या गाड्या खनिजाने भरलेल्या आणि वर जाणाऱ्या रिकाम्या. उतारच जास्त देणारा, चढ कमी मागणारा. अशा मार्गावर वीज परत घेणे म्हणजे काय, हे स्वीडनच्या किरुना खाणीने दाखवले आहे. तिथून नॉर्वेच्या नार्विक बंदरात उतरणारी ६८ वाघिणींची, सुमारे ८,६०० टनांची खनिजगाडी उतारावर एवढी वीज परत देते की रिकाम्या गाड्या पुन्हा सरहद्दीपर्यंत वर चढवायला ती पुरते. खनिजाचे वजनच रिकाम्या गाडीचे भाडे भरते.

दार पुन्हा उघडले

१९९० च्या दशकात भारतीय रेल्वेने एबीबी कंपनीकडून थ्री-फेज इंजिनांचे तंत्रज्ञान घेतले. त्यातून चित्तरंजनला मालगाड्यांचे डब्ल्यूएजी-९ आणि प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूएपी-७ आले. यांच्या पोटातले इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर दोन्ही दिशांना चालतात आणि मोटरा जोव्ही घाटातल्या त्याच इंडक्शन जातीच्या. १९१० मध्ये त्या मोटरांची अडचण होती ती ठराविक वेगाची. इलेक्ट्रॉनिक्सने हवी ती फ्रिक्वेन्सी तयार करून ती अडचण मिटवली. तारेतली वीज एसी असल्याने सबस्टेशनात ट्रान्सफॉर्मर असतो, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशेचे वावडे नाही. दोन्ही दरवाजे एकदम उघडले.

मुंबई विभागात मात्र हे व्हायला आधी तारेतली वीज बदलावी लागली. २००६ पासून टप्प्याटप्प्याने १,५०० व्होल्ट डीसी काढून २५,००० व्होल्ट एसी आणले गेले. दोन्ही घाट त्यात आले. चालू रेल्वेवर, रोज लाखो प्रवासी नेत असताना केलेले हे काम. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर डीसीवरची शेवटची लोकल धावली. १९२५ ची पहिली विजेची गाडी याच मार्गाने गेली होती. २००७ पासून आलेल्या नव्या लोकलही स्टेशनात शिरताना वीज परत देतात. तिथे डोंगर लागत नाही. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणारी गाडी हाच उतार. दिल्ली मेट्रोने ब्रेकमधून मिळवलेल्या विजेवर संयुक्त राष्ट्रांच्या योजनेत कार्बन क्रेडिट मिळवले, तेव्हा वर्तमानपत्रांनी ते नवलाईचे म्हणून छापले. कल्याणच्या शेडमधल्या जुन्या माणसांना त्यात नवे काय ते कळले नसते.

या सगळ्या इतिहासात इंजिनाचे कौतुक सहज होते, पण निकाल दर वेळी इंजिनाबाहेर लागला. खेकड्याची कमाई चढणाऱ्या गाडीमुळे आणि उलट्या चालू शकणाऱ्या सबस्टेशनामुळे शक्य झाली. ती थांबली रेक्टिफायरच्या एका निर्णयाने, जो इतर सगळ्या बाजूंनी शहाणपणाचा होता. ती परत आली तेव्हाही इंजिन, तार आणि वीजपुरवठा हे सगळे बदलावे लागले. उतारावरची वीज अशी साखळीभर पसरलेली मालमत्ता असते. एक कडी एकेरी झाली की सगळी उष्णता होऊन उडून जाते.

सुरक्षिततेच्या बाबतीत घाटाने मात्र कुठल्याही नव्या यंत्राला पूर्ण सूट दिलेली नाही. आजच्या सहा हजार अश्वशक्तीच्या इंजिनाचा ड्रायव्हरही उतरणीआधी डब्यांचे ब्रेक तपासतो, ठरल्या जागी गाडी थांबवतो आणि सांधा आपल्या बाजूने वळेपर्यंत वाट पाहतो. विजेच्या ब्रेकवर कमाईचा हिशेब सोपवला आहे. गाडी थांबवण्याची जबाबदारी घाटाने अजून लोखंडाच्या ठोकळ्यांकडेच ठेवली आहे, आणि १:३७ च्या उतारावर ती तिथेच असणे योग्य आहे.